गेट वाजलं की आधी काउंटरकडे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. उपनगरातलं कॉलेज, ज्युनिअर आणि सीनिअरला मिळून एकच लायब्ररी. जूनमध्ये दाराशी आरएफआयडीचं, म्हणजे पुस्तकात चिकटवलेला चिपचा टॅग रेडिओलहरींनी ओळखणारं गेट बसलं आणि तेव्हापासून ते दिवसातून कितीतरी वेळा वाजतंय. काउंटरवरची माणसं आता मानही वर करत नाहीत. दारावरचा गार्ड मात्र दिसेल त्याला अडवतो. गेल्या आठवड्यात त्याने अकरावीतल्या एका मुलीची बॅग सगळ्यांसमोर टेबलावर उलटी केली. पुस्तक रीतसर इश्यू केलेलं निघालं. मुलगी रडत घरी गेली, दुसऱ्या दिवशी वडील येऊन उभे राहिले. प्राचार्य म्हणाले, स्टाफला ट्रेनिंग द्या. आता तुम्ही विचारताय की ट्रेनिंग म्हणजे नेमकं काय द्यायचं, आणि गार्डपासून सुरुवात करावी का?

गार्डपासून नको. काउंटरपासून करा.

मुंबईतल्या कॉलेज लायब्रऱ्यांत माझी तीस वर्षं गेली. आधी मॅग्नेटिक पट्ट्यांचं गेट होतं, मग आरएफआयडीचं आलं. यंत्र बदललं, वाजण्याची कारणं फारशी बदलली नाहीत. चोरी हे त्यातलं सगळ्यात मागचं कारण. त्याच्या बरंच पुढे उभं असतं ते आपलं स्वतःचं काम: इश्यू करताना टॅगची सिक्युरिटी बंद करायची राहिली. चूक काउंटरवर होते आणि भोगतो दारातला माणूस. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच, फक्त इथे चोरही आपणच.

म्हणून पहिल्या दिवशी स्टाफला समजावायचं ते एवढंच, की गेटला काय कळतं आणि काय कळत नाही. त्यासाठी कुणी इंजिनिअर असायची गरज नाही. तुमचे टॅग बहुधा १३.५६ मेगाहर्ट्झचे असतील, कॉलेज लायब्रऱ्यांत तेच जास्त दिसतात. टॅगच्या चिपमध्ये पुस्तकाचा दाखल क्रमांक, म्हणजे लायब्ररीत येताना त्या प्रतीला मिळालेला नंबर असतो आणि शिवाय सुरक्षेची एक बारीकशी खूण असते. पुस्तक रॅकवर असताना ती खूण म्हणते ‘आत’. इश्यू करताना पॅड, म्हणजे काउंटरवरचं टॅग वाचणारं यंत्र, ती बदलून ‘बाहेर’ करतं, परत घेताना पुन्हा ‘आत’. गेट एवढीच खूण बघतं. काही गेट दाखल क्रमांक वाचून कॉम्प्युटरला विचारतात, पण तशी व्यवस्था असेल तर बसवणाऱ्यांनी तुम्हाला ती मोठ्या अभिमानाने सांगितली असती. एरवी पुस्तक कुणाच्या नावावर आहे, कधी परत यायचंय, याचा गेटला पत्ता नसतो. कोहातली, म्हणजे लायब्ररीच्या सॉफ्टवेअरमधली नोंद वेगळी, टॅगवरची खूण वेगळी. हे वाक्य मी काउंटरच्या आतल्या बाजूला कागदावर लिहून चिकटवलं होतं.

या दोघींची फारकत कशी होते ते बघा. साडेबाराला सकाळचं कॉलेज सुटतं. काउंटरवर रांग. पॅड एका पुस्तकावर अडकलंय. आपला माणूस अनुभवी, तो पॅडची वाट न बघता दाखल क्रमांक सरळ टाइप करतो. स्क्रीनवर इश्यू झालं, पावती निघाली, तारखेचा शिक्का बसला. टॅगला कुणी काही सांगितलंच नाही. पोरगं पंधरा पावलं चालून दारात पोचतं आणि गेट बोंबलतं. किंवा चार पुस्तकांची चळत पॅडवर ठेवली, तीन वाचली गेली, चौथ्याकडे कुणाचं लक्ष नाही. किंवा पॅडचं काम व्हायच्या आधीच विद्यार्थ्याने पुस्तक ओढून घेतलं, कारण त्याला एक बावन्नची लोकल पकडायची आहे. किंवा सर्व्हर बंद होता, रजिस्टरमध्ये हाताने नोंद करून पुस्तक दिलं. या चारही प्रसंगांत विद्यार्थ्याने काहीही चुकीचं केलेलं नाही.

तेव्हा पहिला आठवडा गेटचं नावही न काढता फक्त देवघेवीचा सराव घ्या. भाजीवाली सुटे पैसे कसे मोजून हातावर ठेवते, तसं. हातात किती पुस्तकं, स्क्रीनवर किती, दोन्ही आकडे जुळले की तोंडाने म्हणायचं, ‘तीन पुस्तकं’. मनात नाही, तोंडाने. आठवडाभर लोकांना हसू येतं, मग सवय होते. पॅडवरचं पुस्तक आपण उचलून द्यायचं, समोरच्याने ओढायचं नाही. पातळ पुस्तकं असतील तर एकेक ठेवायचं. पातळ पुस्तकांचे टॅग एकाच जागी चिकटवलेले असले की चळतीत ते बरोबर एकावर एक येतात आणि एकमेकांना झाकतात. नवीन पुस्तकांना टॅग लावणाऱ्या मुलाला सांगून ठेवा की जागा थोडी वर-खाली करत जा. आपल्याकडे त्याला पट्टीने मोजून सगळे टॅग एका रेषेत लावायला शिकवलेलं असतं आणि त्याबद्दल त्याचं कौतुकही झालेलं असतं.

हाताने नोंद करून दिलेल्या पुस्तकाबरोबर एक छोटी चिठ्ठी द्यायची: दाखल क्रमांक, वेळ, सही. गेट वाजलं की विद्यार्थी चिठ्ठी दाखवेल, विषय संपला. पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही रुसतात, तेव्हा अशा चिठ्ठ्यांचं एक पॅड काउंटरच्या खणात असूच द्या.

आता याची दुसरी बाजू, जी कुणी विचारत नाही. परत घेताना खूण ‘आत’ करायची राहिली तर? पुस्तक रॅकवर जाऊन बसतं, कोहात ‘उपलब्ध’ दिसतं, आणि कुणीही ते न नोंदवता उचलून नेलं तरी गेट गप्प. ही चूक आवाज करत नाही, म्हणून तिची तक्रारही येत नाही. ती थेट साठा पडताळणीत उघडी पडते. यावर माझा उपाय अगदी साधा होता. दर शनिवारी दुपारी रॅकवरून हाताला येतील ती दहा पुस्तकं उचलायची आणि एकेक करून गेटमधून न्यायची. प्रत्येक पुस्तकाला गेट वाजलंच पाहिजे. जे गप्प गेलं त्याचा टॅग तपासायचा: खूण चुकली आहे, की टॅगच कुणी काढून घेतलाय. पहिल्या शनिवारी आमच्या काउंटरवरचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. कुणाला काही बोलायची वेळ आली नाही. सोमवारपासून परतीची पुस्तकं घेताना ‘तीन पुस्तकं’ आपोआप ऐकू यायला लागलं.

रोज सकाळी दार उघडण्याआधीची दोन मिनिटंही ठरवून टाका. एक जुनं पुस्तक, चालू टॅग असलेलं, गेटच्या चाचणीसाठी काउंटरमागे बाजूला ठेवायचं. ते घेऊन गेटमधून जायचं: एकदा घोट्याशी धरून, एकदा कमरेशी, एकदा खांद्याशी. एकदा पुस्तक गेटच्या खांबाकडे तोंड करून, एकदा आडवं करून. टॅग खांबाला समांतर असला की गेटला नीट सापडतो, काटकोनात गेला की कमी. बसवायला आलेला माणूस नेहमी नवं कोरं पुस्तक छातीशी सरळ धरून चालतो, त्यामुळे डेमोत गेट कधीच चुकत नाही. विद्यार्थी तसे चालत नाहीत.

गेटच्या आसपास काय ठेवलंय तेही याच वेळी बघून घ्या. मुंबईत जागेची मारामार, म्हणून नव्या पुस्तकांचा रॅक दाराशीच लावतात किंवा परत आलेल्या पुस्तकांची ट्रॉली गेटला टेकवून उभी करतात. मग गेट कुणी जात-येत नसतानाही वाजतं, आणि दोन दिवसांत सगळ्यांचे कान बधिर होतात. तुमच्याकडे मान वर न करणारी माणसं आळशी आहेत असं समजू नका. फुकटचे आवाज ऐकून ऐकून ती तशी झाली आहेत. पोलादी कपाट किंवा जाळीचा सरकता दरवाजा खांबांना फार जवळ असेल तर उलट गेटची ताकद कमी होते. फर्निचर हलवून बघा, बिनखर्चाचं काम आहे.

‘मॅडम, माझ्या मेट्रो कार्डामुळे वाजलं असेल,’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. फ्रीक्वेन्सी तीच असली तरी मेट्रोचं किंवा बँकेचं टॅप करायचं कार्ड वेगळी भाषा बोलतं, लायब्ररीच्या गेटला ती कळत नाही. दुकानातल्या कपड्यांचे टॅगही बहुधा वेगळ्या जातीचे. पण दुसऱ्या लायब्ररीचं पुस्तक मात्र खरोखर वाजू शकतं. काही ठिकाणी टॅग लावलेत, फक्त मोजणीसाठी, गेटच नाही. तिथे सिक्युरिटी बंद करायची कुणाला गरज पडत नाही, आणि त्यांचं पुस्तक दप्तरात घेऊन आलेला मुलगा तुमच्या दारात येता-जाता दोन्ही वेळा वाजतो. आत येताना गेट वाजलं तर तेव्हाच विचारा, बाहेर जायची वाट बघू नका. आत येताना विचारलं की त्याला चौकशी म्हणतात, बाहेर जाताना विचारलं की झडती वाटते.

दारात काय बोलायचं, त्याआधी माझीच एक गोष्ट सांगते, कारण हे मी पुस्तकात वाचून शिकलेले नाही. मॅग्नेटिक गेटचे दिवस, जुलै महिना. दुसऱ्या कॉलेजातले एक निवृत्त प्राध्यापक आमच्याकडे जुने अंक बघायला यायचे. जाताना गेट वाजलं. मी नवी, उत्साही. त्यांना म्हटलं, सर, पिशवी ठेवून पुन्हा या. वाजलं. फाईल ठेवून या. वाजलं. तिसऱ्यांदा परत येताना ते हसून म्हणाले, ‘बाई, आता चपला काढू का?’ मागे वाचनालयातली मुलं बघत होती. दोष निघाला त्यांच्या हातातल्या घडीच्या छत्रीचा, त्या जातीच्या गेटला छत्रीची काडी किंवा चार्जरसुद्धा पुरायचा. मी माफी मागितली, त्यांनी ‘अहो, काय त्यात’ म्हटलं, आणि पुन्हा कधी आले नाहीत.

तेव्हापासून माझा नियम: माणसाला गेटमधून पुन्हा चालवायचं नाही. वस्तू चालवायच्या, त्याही आपण.

आणि पहिलं वाक्य ठरलेलं. ‘एक मिनिट हं, आमच्याकडून काहीतरी राहिलंय वाटतं. पुस्तकं जरा बघून देते.’ वाक्यात दोष आपल्याकडे घेतलाय, आणि बहुतेक वेळा तो आपलाच असल्यामुळे हे खोटं बोलणंही नाही. ‘बॅग दाखव’, ‘काय घेतलंस?’, ‘ए, थांब’ ही तीन वाक्यं कायमची बंद. वाक्य प्रत्येकाकडून म्हणून घ्या, मोठ्याने, पंधरा-वीस वेळा. हसण्यासारखं वाटेल. पण गेट वाजतं तेव्हा आपणही दचकलेलो असतो, आणि दचकलेल्या माणसाच्या तोंडून जे सवयीचं असेल तेच बाहेर पडतं.

पुढचा क्रम असा. त्या व्यक्तीला दारातून बाजूला, काउंटरच्या कोपऱ्यावर घ्यायचं, म्हणजे मागची रांग सुटते आणि तमाशा होत नाही. आज घेतलेली पुस्तकं पॅडवर ठेवून बघायची. इथेच बहुतेक प्रकरणं संपतात: सिक्युरिटी बंद करायची, ‘सॉरी, आमचीच चूक’ म्हणायचं, जाऊ द्यायचं. पुस्तकं ठीक निघाली तर विचारायचं, दुसऱ्या लायब्ररीचं काही आहे का? तरी उलगडा झाला नाही तर त्यांनाच सांगायचं की बॅगेतली वह्या-पुस्तकं तेवढी काढून द्या. हात त्यांचा, बॅग त्यांची. आपला हात बॅगेत जाणार नाही, कधीही, कुठल्याही कारणाने. कपडे, डबा, पर्स बघायची नाही, त्यात लायब्ररीचं पुस्तक मावत नाही. मुलगी असेल तर बाईने बोलायचं. त्या वेळी काउंटरवर बाई नसेल तर ग्रंथपालांना बोलवायचं, तोवर मुलीला खुर्ची द्यायची. पाच-सहा जणांचा घोळका एकदम बाहेर पडताना वाजलं तर कोण, ते शोधायला सगळ्यांना ओळीत उभं करू नका. ‘आज कुणीकुणी पुस्तकं घेतली?’ एवढं विचारलं की दोन-तीन हात वर होतात, तिथून सुरू करा.

हे सांगून येत नाही, करून येतं. म्हणून दोन तासांचं लेक्चर, प्रोजेक्टर, चहा-समोसा असला बेत नको. सकाळी दार उघडण्याआधी पंधरा मिनिटं, दोन आठवडे, गेटपाशी उभं राहून. मी चार-पाच बॅगा भरून ठेवायचे. एकीत इश्यू केलेलं पण खूण न बदललेलं पुस्तक, एकीत दुसऱ्या लायब्ररीचं, एकीत नोंद न केलेलं, एकीत नुसताच डबा आणि छत्री. कोणत्या बॅगेत काय, हे फक्त मला माहीत. एकाने विद्यार्थी व्हायचं, दुसऱ्याने काउंटर सांभाळायचा, आणि रोज अदलाबदल. विद्यार्थ्याच्या भूमिकेत एकदा घाईत असायचं, एकदा रडवेलं, एकदा ‘माझे काका ट्रस्टी आहेत’ असं.

यातून जे शिकायला मिळालं ते मी ठरवलेलंच नव्हतं. आमच्या एका अटेंडंट मामांना पहिल्यांदाच विद्यार्थी केलं. बॅगेत काय आहे हे त्यांनाही माहीत नव्हतं. गेट वाजलं, आणि मामा जागच्या जागी थिजले. नाटक होतं, बघणारे सगळे आपलेच, तरी त्यांनी दोन्ही हात वर केले. नंतर म्हणाले, ‘मॅडम, मी काही केलं नव्हतं तरी वाटलं, पकडले गेलो.’ त्याच दिवशी आम्ही गेटचा आवाज कमी करून घेतला. काउंटरपर्यंत ऐकू आला की पुरे, वाचनालयातल्या शेवटच्या टेबलाने मान वर करायचं कारण नाही. आवाज कमी-जास्त करायची सोय गेटमध्ये असते, देखभालीसाठी येणाऱ्या माणसाकडून करून घ्या.

एक अडचण मात्र पंधरा मिनिटांच्या सरावात सुटत नाही: मोठ्या माणसाला अडवायचं कसं? शिपाई मावशी एफवायच्या पोराला थांबवतील, विभागप्रमुखांना नाही. आणि सरांना सोडलं, पोराला धरलं, हे मुलं दोन दिवसांत ओळखतात. मी आमच्या प्राचार्यांना एक विनंती केली. सत्राच्या पहिल्या आठवड्यात, मधल्या सुट्टीत, भर गर्दीत त्यांनी नोंद न केलेलं एक पुस्तक काखेत घेऊन दारातून जायचं. मावशींना काही सांगितलेलं नव्हतं. गेट वाजलं. मावशींनी प्राचार्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, ‘सर, एक मिनिट हं. आमचंच काहीतरी राहिलंय.’ प्राचार्य निमूट काउंटरला आले, कार्ड काढलं, पुस्तक नावावर करून घेतलं आणि मोठ्याने ‘थँक यू’ म्हणून गेले. त्यानंतर कुठल्याही प्राध्यापकाने ‘मला थांबवता?’ म्हटल्याचं मला आठवत नाही. तुमचे प्राचार्य तयार होतील का ते विचारा. ट्रेनिंग द्या म्हणणाऱ्या माणसाला त्यात एवढं काम द्यायला हरकत नाही.

आता गार्ड. तो एजन्सीचा, दर काही महिन्यांनी बदलणारा, बऱ्याचदा बारा तासांच्या ड्यूटीवर उभा, आणि त्याला आजवर शिकवलंय ते सोसायटीच्या किंवा मॉलच्या दारातलं. त्याच्याकडून देवघेवीचं ज्ञान अपेक्षू नका. त्याचं काम दोनच गोष्टींचं ठेवा: ठरलेलं वाक्य बोलायचं आणि काउंटरकडे बोट दाखवायचं. बॅगेला हात नाही, आय-कार्ड काढून घेणं नाही, दार अडवून उभं राहणं नाही. मराठी आणि हिंदीत एक कार्ड छापून त्याच्या टेबलाच्या काचेखाली ठेवा. ‘एक मिनट, हमारी तरफ से कुछ रह गया होगा, काउंटर पे दिखा दीजिए.’ नवा गार्ड आला की पहिल्या दिवशी दहा मिनिटं तुम्ही स्वतः त्याच्याशी बोलायचं, हे एजन्सीच्या सुपरवायझरवर सोडायचं नाही. पेसमेकर असलेल्यांनी गेटमधून नेहमीच्या चालीने सरळ जावं, खांबाला टेकून रेंगाळू नये, आणि कुणी बाजूच्या दाराने जायचं म्हटलं तर वाद न घालता दार उघडावं, हेही त्याच कार्डावर.

समजा नोंद न केलेलं पुस्तक खरंच निघालं. तरीही पहिलं वाक्य ‘हे इश्यू करायचं राहिलंय, करून देऊ?’ असंच. परीक्षेच्या दिवसांत वह्यांच्या गठ्ठ्यात पुस्तक सरकून जातं, हे आपल्यालाही ठाऊक आहे. घरी न्यायचं पुस्तक असेल तर इश्यू करा, संदर्भग्रंथ असेल तर ठेवून घ्या, आणि त्याला जाऊ द्या. त्याच मुलाचं दुसऱ्यांदा झालं तर ग्रंथपालांच्या खोलीत, दार उघडं ठेवून, शांतपणे बोला. टॅग उचकटलेला असेल, पानं कापलेली असतील तर तो वेगळा विषय, तो ग्रंथालय समितीकडे लेखी जाईल. ज्युनिअर कॉलेजची बहुतेक मुलं अठराच्या आतली आहेत हे विसरू नका. त्यांच्या बाबतीत वर्गशिक्षक आणि पालक, बाकी कुणी नाही.

आणि कुणी पळालाच तर पळू द्या. मी गंमत करत नाहीये. जिन्यावरून कुणी पडलं तर पुस्तकाच्या किमतीत ते भरून निघत नाही. वेळ लिहून ठेवायची, ग्रंथपालांना सांगायचं, कॅमेऱ्यातलं चित्रण ग्रंथपालांनीच बघायचं, गार्डच्या मोबाईलवर नाही. कायद्याच्या अंगानेही आपले हात आखूड आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत एखाद्याची वाट बेकायदा अडवणं हा कलम १२६ खालचा गुन्हा आहे आणि बेकायदा डांबून ठेवणं कलम १२७ खालचा. ‘प्राचार्य येईपर्यंत बसून राहा’ म्हणत दाराला कडी घालणाऱ्या उत्साही माणसाला हे दोन आकडे सांगून ठेवा. पोलिसांना बोलवायचं की नाही हा निर्णय प्राचार्यांचा, काउंटरचा नाही.

एक वही मात्र आजच सुरू करा. तारीख, वेळ, आत येताना की बाहेर जाताना, कारण, दाखल क्रमांक, काउंटरवर कोण होतं. विद्यार्थ्याचं नाव लिहायचं नाही. नाव लिहायला लागलात की वहीची संशयितांची यादी होते आणि ती कुणाच्या तरी हाती पडते. गेट वाजलं की ओळ लिहायचीच, कारण सापडलं नाही तर ‘कळलं नाही’ असं लिहायचं. पंधरा दिवसांनी वही घेऊन बसलात की तुमच्या लायब्ररीचं दुखणं तुम्हालाच दिसेल. आमच्याकडे जवळजवळ सगळे आवाज दुपारच्या एका तासात आणि एकाच पॅडवर निघाले. पॅडखालच्या टेबलाचा पत्रा लोखंडी होता. त्यावर लाकडी फळी घातली आणि त्या तासाला दुसरा माणूस बसवला. काउंटरवर कोण होतं हे लिहिण्याचा उपयोगही शिकवण्यासाठीच करायचा, मेमो काढण्यासाठी नाही. एकदा मेमो निघाला की वही खोटी लिहिली जाईल.

मॅनेजमेंट विचारेल, एवढं करून पुस्तकं जाणं थांबेल का? थांबणार नाही, कमी होईल. रॅक उघडे ठेवायचे ठरवलं तेव्हाच हे मान्य केलेलं असतं. केंद्र सरकारच्या २०१७ च्या जनरल फायनान्शियल रूल्समध्ये नियम २१५ आहे. वर्षभरात इश्यू झालेल्या किंवा वाचायला दिलेल्या दर १,००० पुस्तकांमागे ५ पुस्तकं गहाळ होणं त्यात वाजवी धरलंय, अर्थात त्यामागे लबाडी किंवा हलगर्जी नसेल तर. १,००० रुपयांवरचं किंवा दुर्मीळ पुस्तक गेलं तर मात्र चौकशी करायचीच. तुमच्या कॉलेजला हा नियम थेट लागू नसेल, तरी सभेत कुणी ‘एकही पुस्तक जाता कामा नये’ म्हणालं की तो पुढे ठेवायला बरा पडतो.

राहता राहिली ती मुलगी. तिच्या वडिलांना ‘गार्डला समज दिली आहे’ असं सांगून प्रकरण मिटवू नका. गार्डने तेच केलं जे त्याला कुणी करू नको म्हणून सांगितलं नव्हतं. तुम्ही स्वतः तिला आणि वडिलांना बोलवा, पुस्तक इश्यू झालं होतं आणि टॅगची सिक्युरिटी आमच्याकडून बंद व्हायची राहिली, हे स्पष्ट शब्दांत सांगा, आणि माफीचं पत्र लायब्ररीच्या सही-शिक्क्यानिशी द्या. ती लायब्ररीत यायची बंद झाली असेल तर पुस्तकाची मुदत वाढवून द्या, दंड लावू नका. आणि ती पुस्तक घेऊन येईल त्या दिवशी, ती बाहेर जायला दारापाशी पोचायच्या आत, त्या पुस्तकाचा टॅग तुम्ही स्वतः पॅडवर ठेवून बघा.